पहिलं कोणी केलं, आणि कशापायी?

गोष्ट सांगण्याच्या काही रीती आता आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कधीतरी कोणीतरी पाडल्या असतील, हेच आपण विसरतो. गुप्तहेराचा मित्र, मालिकेतला शेवटचा झटका, सिनेमातलं गाणं. याबद्दल विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं, आणि ठाणे, कळवा, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या वाचकांनी टपालाचा ढीग लावला. नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत मी भाड्याने पुस्तकं द्यायचं वाचनालय चालवायचे, तेव्हाही काउंटरवर असलेच प्रश्न यायचे. फक्त तेव्हा उत्तर देताना एक डोळा अनामत रकमेच्या वहीवर ठेवावा लागे.

एक आधीच सांगून ठेवते. 'पहिला' शोधत मागे गेलं की बहुतेक वेळा थोर प्रतिभेच्या आधी कोणाची तरी अडचण हाती लागते. खाली ते जागोजागी दिसेलच.

प्रश्न : नातवाशी पैज लागली आहे. तो म्हणतो, शेरलॉक होम्स हाच पहिला गुप्तहेर. मला पुसटसं आठवतं की त्याच्याही आधी कोणी होता. खरं काय? आणि दर गुप्तहेराच्या मागे एक बावळट मित्र का लावून दिलेला असतो?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : काका, पैज तुमची. होम्स पहिल्यांदा छापून आला १८८७ साली, एका नाताळ वार्षिकात. आर्थर कॉनन डॉयलला त्या कादंबरीचे सगळे मिळून २५ पौंड मिळाले. त्याच्या ४६ वर्षं आधी, १८४१ मध्ये, एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाने 'ग्रॅहॅम्स मॅगझिन'मध्ये पॅरिसच्या रू मॉर्ग नावाच्या रस्त्यावरच्या दुहेरी खुनाची गोष्ट लिहिली होती. गुप्तहेराचं नाव ऑग्युस्त द्युपँ.

त्या एका गोष्टीत काय काय आहे बघा. आतून बंद असलेली खोली. हात टेकलेले पोलीस. भलत्याच माणसाला झालेली अटक. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून पोलिसांच्या पुढे विचार करणारा एक विक्षिप्त माणूस. आणि साक्षीदारांच्या जबान्यांचा एक अफलातून भाग : खोलीतून आलेला कर्कश आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण प्रत्येकाला ती वेगळीच भाषा वाटते, आणि जो तो अशा भाषेचं नाव घेतो जी त्याला स्वतःला येत नाही. पुरावा डोळ्यांसमोर पसरून ठेवायचा आणि तरी वाचकाला दिसू द्यायचा नाही, हा खेळ तिथे सुरू झाला. खुनी कोण, ते मी लिहिणार नाही. वाचनालय चालवलेल्या बाईच्या हातून ते पाप व्हायचं नाही.

आता मित्र. पोच्या गोष्टीतल्या मित्राला तर नावही नाही. तो हवा, कारण हुशार माणसाने स्वतःच गोष्ट सांगितली तर त्याला जे कळलं ते तिथल्या तिथे सांगावं लागेल आणि गोष्ट दुसऱ्या पानावर आटपेल. सांगणारा शेजारी उभा हवा, सगळं पाहणारा, पण आपल्याइतकाच समजणारा. काका, त्याला बावळट म्हणू नका; तो आपल्या जागी उभा आहे.

या जोडीची एक जागा मला फार आवडते. खून अजून झालेलाही नाही. दोघं रात्री पॅरिसच्या रस्त्यावरून मुकाट चालले आहेत. पंधरा मिनिटं कोणी बोललेलं नाही. अचानक द्युपँ म्हणतो की, खरंय, तो माणूस फारच बुटका आहे. मित्र हबकतो, कारण त्याच्या मनात त्या क्षणी अगदी तोच विचार चाललेला असतो : शोकांतिकेत काम करायला निघालेला एक मोची, अंगकाठीने किरकोळ. मग द्युपँ उलटा हिशोब मांडतो. डोक्यावर सफरचंदांची पाटी घेतलेला फळवाला तुला धडकला, तू खडीच्या ढिगावर अडखळलास, मग पायाखालच्या फरसबंदीकडे बघत राहिलास; दगडांवरून तुला अणू आठवले, अणूंवरून ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस, तिथून आकाश, म्हणून तू वर मृग नक्षत्राकडे बघितलंस, आणि त्या मोच्याची टर उडवणाऱ्या लेखात मृगाचा उल्लेख होता म्हणून हसलास. मग ताठ उभा राहिलास, तेव्हा कळलं की त्याची उंची तुझ्या मनात आली. हे खरं कोणाला जमेल, असं विचारू नका. वाचताना जमतं.

डॉयलने हाच प्रयोग पुढे होम्सकडून करवून घेतला, आणि पहिल्याच कादंबरीत होम्सच्या तोंडून द्युपँला अगदीच सामान्य म्हणवून घेतलं. गुरूची परतफेड अशी! पण नातवालाही अर्धे गुण द्या, कारण पोने द्युपँच्या तीनच गोष्टी लिहिल्या आणि विषय सोडला. डॉयलने १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात जे केलं त्याने या प्रकाराला धंद्याची घडी बसली. मासिकातली क्रमशः कादंबरी वाचणाऱ्याचा एक अंक चुकला की तो पुढचे अंक घेतच नाही. त्यावर डॉयलचा तोडगा असा की नायक तोच, पण गोष्ट दर अंकात पुरी. आज दर आठवड्याला नवा गुन्हा सोडवणारी टीव्हीवरची जी पोलीस मालिका तुम्ही बघता, ती याच तोडग्यावर चालते.

आपल्याकडे ही गादी बाबूराव अर्नाळकरांनी चालवली. हजाराहून जास्त पुस्तकं, आणि झुंजार, धनंजय, काळापहाड असे नायक. माझ्याकडे त्यांचं एक अख्खं कपाट होतं, कव्हरं खाकी कागदाची, पाठीवर शाईने नंबर. पहिली चार पानं गेलेली पुस्तिका लोक खुशाल घेऊन जात. शेवटची चार पानं गेलेली कोणी फुकट दिली तरी नेत नसे.

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला एका डेली सोपच्या सेटवर सहायक लेखक आहे. दर एपिसोडच्या शेवटी, प्रेक्षक उद्या परत यावा म्हणून, 'हुक हवा, हुक हवा' असं डोकं खातात. हे खूळ काढलं कोणी? मला त्या माणसाला भेटायचंय.
(एक वैतागलेला लेखक, कासारवडवली)

उत्तर : भेटायचं तर जरा लांब जावं लागेल तुला. पण क्रमाने घेऊ.

छापील क्रमशः कथेचं वेड इंग्रजीत डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'ने लावलं. १८३६ मध्ये दरमहा एक शिलिंगाला एक भाग निघायला लागला. सुरुवातीला काहीशे प्रती खपायच्या, शेवटी खप ४०,००० च्या घरात गेला. त्यानंतर प्रत्येक मासिकाला क्रमशः कादंबरी हवी झाली. १८७३ मध्ये टॉमस हार्डीने एका कादंबरीतला नायक कड्यावरून अक्षरशः लटकत ठेवला आणि महिन्याचा भाग संपवला. पुढच्या अंकातला तपशील तुझ्या कामाचा आहे. लटकलेल्या माणसाला तोंडासमोरच्या खडकात एक जीवाश्म दिसतो, लाखो वर्षांपूर्वी मेलेला किडा, दगडाचे डोळे त्याच्याकडे रोखलेले. आणि वरती नायिका स्वतःचे आतले कपडे फाडून, पिळून त्याचा दोर वळत असते. म्हणजे हार्डीने नुसतं लटकवून ठेवलं नाही. लटकलेल्या माणसाला विचार करायला आणि वरच्या बाईला हात चालवायला काम दिलं. तुमच्याकडे दार उघडतं, सासूचा चेहरा तीन वेळा तीन बाजूंनी दिसतो, ढोल वाजतो आणि दुसऱ्या दिवशी दारात कुरियरवाला असतो. प्रेक्षकाने दोन वेळा सहन केलं की तिसऱ्यांदा तो हुकला लागत नाही.

मराठीत हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' आपल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः दिली, १८९० पासून. तिथे कड्याबिड्याची गरज पडली नाही. यमू स्वतःच्या तोंडाने तिच्या घरातलं सांगते, आणि पुढच्या अंकात तिचं काय होणार ही काळजीच वाचकाला ओढून नेते.

तुमच्या धंद्याची थेट आजी म्हणजे शिकागोची अर्ना फिलिप्स. आधी शिक्षिका होती. १९३० मध्ये तिथल्या रेडिओवर तिने 'पेंटेड ड्रीम्स' ही बायकांसाठी दुपारची रोजची मालिका सुरू केली. अशा मालिकांना पैसा पुरवायला साबण बनवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि सोप हे नाव चिकटलं ते कायमचं. तिच्यापुढची अडचण ओळखीची वाटते का बघ : ऐकणारी बाई भांडी घासते आहे, मूल रडतं आहे, मधला अर्धा भाग तिच्या कानावर पडलेलाच नाही. म्हणून एकच बातमी चार पात्रं चार वेळा एकमेकांना सांगतात. आज ती अडचण नाही, तरी रीत तशीच आहे. आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आलं, १५६ भाग, आणि शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलून जायचे. त्या बोलण्यातच उद्याची उत्सुकता पेरलेली असे.

पण खरा मूळ पुरुष वेताळ. 'चांदोबा'त पाहिलेला असशील, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि प्रेतात वेताळ. ती गोष्टींची माळ अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ओवली. त्यातली अट नीट बघ. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. म्हणजे राजा कसाही वागला तरी गोष्ट पुढे चालूच. एवढी बांधीव अट आजतागायत कुठल्या चॅनेलच्या मीटिंगमध्ये निघालेली नाही. शिवाय वेताळाचा प्रश्न खरा प्रश्न असतो. तिघांपैकी ती मुलगी कोणाची, दोघांत जास्त उदार कोण? ऐकणारे घरी जाऊन भांडतील असा. आणि शेवट तर बघच : एका परक्या मायलेकींपैकी लेकीशी बाप लग्न करतो आणि तिच्या आईशी त्याचा मुलगा, मग त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला खरोखरच उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेच माळ संपते. गोष्ट थांबवायची अटही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेली! तुमच्या निर्मात्याला सांगून बघ. नोकरी गेली तर मला कळव.

जाता जाता, सोमदेवाने ज्या मूळ ग्रंथाचा आधार सांगितला, ती गुणाढ्याची 'बृहत्कथा', तिची कथा आपल्या पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेतली सात लाख श्लोकांची पोथी राजाने झिडकारली, तेव्हा गुणाढ्याने रानात आग पेटवली, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवलं आणि आगीत टाकलं. राजा धावत येईपर्यंत सहा लाख जळून गेले होते. स्क्रिप्ट नाकारलेल्या प्रत्येक लेखकाने ही कथा वाचावी, असं माझं मत आहे.

प्रश्न : आमच्या कन्येने वाद घातला की ड्रॅक्युला उन्हात जळून मरतो, हे पुस्तकात नाहीच. मी म्हटलं, सगळ्या सिनेमांत तर आहे! कोण बरोबर?
(एक शिक्षिका, वाशी)

उत्तर : कन्या बरोबर. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या पुस्तकात ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा फिरताना दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. आणि तो मरतो सुऱ्यांनी, सूर्य मावळता मावळता : एकाचा सुरा छातीत आणि दुसऱ्याची चक्क गुरख्याची कुकरी गळ्यावर. लाकडी खुंटाही त्याच्या वाट्याला येत नाही, तो येतो ल्युसी नावाच्या मुलीच्या वाट्याला.

उन्हाचं लचांड १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून आलं. निर्मात्यांनी पुस्तकाचे हक्क न घेता गोष्ट उचलली, पात्रांची नावं बदलली आणि शेवटी पिशाच्च सकाळच्या उन्हात विरून जातं असं दाखवलं. स्टोकरच्या विधवेने दावा लावला. सगळ्या प्रती नष्ट करा, असा निकाल १९२५ मध्ये लागला. तरी काही प्रती वाचल्या, आणि चोरीच्या मालातला तो शेवट पुढच्या सगळ्यांनी नियम म्हणून उचलला.

कन्येला आणखी एक मुद्दा द्या. देखणं, खानदानी, बैठकीत वावरणारं पिशाच्चही स्टोकरचं नव्हे. ते १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी नावाच्या तरुण डॉक्टरच्या कथेत आलं. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. त्यातून पोलिडोरीचं पिशाच्च निघालं, आणि अठरा वर्षांच्या मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन'सुद्धा. ते १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापलं गेलं आणि पुढे विज्ञानकथेचं मूळ ठरलं. वेडा शास्त्रज्ञ, हाताबाहेर गेलेला शोध, सगळं तिथलं.

आपल्या मुंजा-हडळींना असला पहिला लेखक नाही. पिंपळावर कोण राहतं आणि पाय कोणाचे उलटे, हे आजीने सांगितलं, आजीला तिच्या आजीने. नारायण धारपांनी त्या भुतांना शहरातल्या वाड्यात आणि ब्लॉकमध्ये आणून बसवलं. धारपांचं पुस्तक संध्याकाळी सातनंतर परत करायला यायला बायका घाबरत, आणि मी उशिराचा दंड लावत असे.

प्रश्न : मी नववीत आहे. गेम पुढे पुढे फास्ट आणि अवघड का होत जातो? पहिल्यांदा कोणी केलं? आणि मारिओला मिशी का आहे?
(एक विद्यार्थी, नेरुळ)

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न या अंकातला माझा लाडका. १९७८ मध्ये, म्हणजे इकडे तलावपाळीला गडकरी रंगायतन उघडलं त्याच वर्षी, जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. वरून परग्रहावरच्यांच्या रांगा उतरतात, खालून आपण गोळ्या घालतो. त्या यंत्राच्या प्रोसेसरला एवढे सगळे एका वेळी पडद्यावर हलवताना दम लागायचा, म्हणून ते संथ चालायचे. जसजसे आपण त्यांना मारू तसतसं प्रोसेसरचं ओझं कमी होई आणि उरलेले आपोआप जोरात धावू लागत. शेवटचा एक तर वाऱ्यासारखा. निशिकादोंच्या लक्षात आलं की यात मजा आहे, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. तेव्हापासून जिंकत जाल तसं अवघड होत जाईल, हा गेमचा कायदा झाला.

मिशीचंही तसंच. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतोंना तो माणूस मोजक्या ठिपक्यांत काढायचा होता. तोंड काढायला जागा नाही, म्हणून नाकाखाली मिशी. केस नीट हलताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. तेव्हा त्याचं नाव मारिओ नव्हतं, जंपमॅन होतं. आता अभ्यास कर.

प्रश्न : आमच्या ऑफिसात बाहेरच्या देशातून आलेले सहकारी आहेत. त्यांना आपल्या सिनेमात मध्येच गाणं का येतं, हे कळत नाही, आणि गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, हे कळल्यावर तर ते हसतच सुटले. हे आपण कुठून आणलं?
(एक अभियंता, ऐरोली)

उत्तर : साहेब, तुम्ही राहता ऐरोलीला. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात कधी नाटक बघितलं असेल. उत्तर त्या पाटीवरच्या नावापासून सुरू होतं.

१८४३ मध्ये सांगलीला, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले होते, तसं काही मराठीत करा, असा हुकूम. हाताशी नट होते, पण लिहिलेली भाषणं पाठ करणारे नव्हते आणि गाणारे तर विरळा. म्हणून भाव्यांनी वाटणी केली. पदं सगळी सूत्रधाराने म्हणायची. पात्राने पुढे येऊन अभिनय करायचा आणि मग त्या पदाच्या अर्थाला धरून आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. राक्षस आला की 'अलललल डुर्र' अशी आरोळी ठोकून रंगमंच दणाणून सोडायचा. पुढच्या सुशिक्षितांनी त्या खेळांना अललडुर्र नाटकं म्हणून नाकं मुरडली, पण गावोगाव तीच चालली.

आता लक्षात घ्या, १८४३ मध्ये आपल्या रंगमंचावर गाणारा एक आणि हावभाव करणारा दुसरा, हे प्रेक्षकाने मान्य केलेलं होतं.

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणलं आणि सूत्रधाराच्या तोंडची पदं काढून पात्रांच्या तोंडी दिली. दुष्यंत स्वतः गाणार, शकुंतला स्वतः गाणार, बोलता बोलता गाणार आणि गाता गाता पुन्हा बोलू लागणार. सिनेमातलं गाणं मध्येच येतं असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटतं, त्या मध्येच येण्याची शिस्त इथे लागली. भावना बोलण्यात मावेनाशी झाली की पद. मग गाणारा नट म्हणजेच नाटक, असे दिवस आले. त्यात नाटकाचं कथानक पार मागे पडलं, हेही खरं. वन्समोअर घेत घेत पहाट करणाऱ्या कंपन्यांचं कौतुक मी तरी मर्यादेतच करते.

१९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला तो सात गाणी घेऊनच. शेजारून रेल्वे जात असल्याने चित्रीकरण रात्री उशिरा चालायचं, आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून आडोशाला लपून वाजवायचे. नट गाणार ते तिथेच आणि तेव्हाच. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, त्यात हरिश्चंद्राचं काम आणि गाणं दोन्ही गोविंदराव टेंब्यांचं, कारण ते आधीच संगीत नाटकातले. पण ज्याला गाता येतं त्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहता येईलच असं नाही, आणि देखण्या माणसाला सूर असेलच असंही नाही. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि नटांनी त्यावर ओठ हलवले. झालं, भाव्यांचा सूत्रधार परत आला! फक्त आता तो रंगमंचावर उभा नव्हता, ध्वनिमुद्रण कक्षात उभा होता. मधली पंचावन्न वर्षं, किर्लोस्करांपासून तिथपर्यंतची, नट स्वतः गात होता. तुमच्या सहकाऱ्यांना त्याच काळाचं अप्रूप वाटेल, पण आपली जुनी सवय दुसरीच आहे.

हसू आलं तर त्यांना अण्णा साळुंखेंबद्दलही सांगा. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंखे त्यांना सापडले, तेच तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंखेच राम आणि साळुंखेच सीता. आपल्या सिनेमातली पहिली दुहेरी भूमिका ती हीच. पुढे जुळे भाऊ, जत्रेत हरवलेले भाऊ, एक शहाणा आणि एक टपोरी, यांच्यावर किती गल्ले भरले!

प्रश्न : एकेक करून टोळी जमवायची आणि मग मोहिमेवर निघायचं, हे कोणाचं? आणि सुपरहिरोंचे ते घट्ट कपडे?
(दोन मित्र, कळवा)

उत्तर : टोळी जमवणं जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचं, सिनेमा 'सेव्हन सामुराई', १९५४. गावाला डाकूंपासून वाचवायला योद्धे गोळा करायचे, आणि प्रत्येकाची निवड हाच एक छोटा प्रसंग. एक जण तर दाराआड काठी घेऊन कोणी उभा आहे हे आत पाऊल टाकण्याआधीच ओळखतो आणि हसून थांबतो. त्यानंतर १९६० मध्ये हॉलिवुडने तो रीतसर पुन्हा केला. आपल्याकडे कोणी कोणी केला ते तुम्हीच शोधा, रविवार चांगला जाईल.

घट्ट कपडे आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा अमेरिकन चित्रकथाकार ली फॉकच्या फँटमचा, १९३६. इंद्रजाल कॉमिक्समध्ये आपण त्याला वेताळ म्हणून वाचला. सुपरमॅन त्याच्यानंतर, १९३८ मध्ये आला. तो निर्माण करणाऱ्या दोन तरुणांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. लेखकांनो, करार नीट वाचत जा.

प्रश्न : मॅडम, एमपीएससीची तयारी करतोय. एका क्लासच्या नोट्समध्ये पहिली मराठी कादंबरी 'यमुनापर्यटन' आणि दुसऱ्या क्लासच्या नोट्समध्ये 'मुक्तामाला' लिहिलंय. नक्की कोणती? पहिली ऐतिहासिक कादंबरीही सांगा.
(एक उमेदवार, कोपरखैरणे)

उत्तर : बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', पहिली ऐतिहासिक, १८७१ ची.

घोळ का होतो तेही सांगते, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही. पदमनजी ख्रिस्ती झालेले, आणि पुस्तकात यमुना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं बघत फिरते. पुस्तक काळाच्या फार पुढचं, पण तसं लिहिणारं लगेच दुसरं कोणी निघालं नाही. 'मुक्तामाले'च्या मागे मात्र रांग लागली. राजकन्या, दुष्ट कारभारी, ताटातूट, अशक्यप्राय योगायोग आणि शेवटी सगळ्यांची भेट. पुढची कितीतरी वर्षं मराठी कादंबरी याच वाटेने चालली, आणि हरिभाऊ आपट्यांनी यमूला स्वयंपाकघरातून बोलतं केलं तेव्हा कुठे पदमनजींची वाट पुन्हा दिसू लागली. कासारवडवलीच्या लेखकाने वर ज्या मालिकेबद्दल लिहिलंय, ती मला विचाराल तर अजून मुक्तामालेच्याच घराण्यातली आहे.

परीक्षेत मात्र यातलं काही लिहू नकोस. 'यमुनापर्यटन', १८५७.